हाळीला हाळी

सुरुवातीलाच सांगून टाकते — भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट म्हणून माझी सगळी नोकरी झाली. रीडिंग चुकलं की आधी कनेक्शन तपासायचं, मग बॅटरी, आणि दोन्ही ठीक असतील तर मुलाचं डोकं — हा आमचा क्रम. त्यात भूत कुठंच बसत नाही. या सदरातले अनुभव मी आवडीनं वाचते, पण खुसपटं काढत वाचते. ‘खिडकीची कडी सैल असेल’, ‘मांजर असेल’, ‘बाई, त्या दिवशी ताप मोजला होता का?’ ... असं. आता माझी पाळी आली आहे, तेव्हा तुम्हीही काढा. एखादं पटण्यासारखं सापडलं तर मला खरंच हवं आहे.

मी राहते ती जागा आधी सांगते. शहरातून दौलताबादकडं निघालं की पडेगाव संपता संपता एक मुरमाचा रस्ता आत वळतो. तिथं आमचा लेआउट. प्लॉट पडले तेव्हा कागदावर बगीचा, मंदिर, जॉगिंग ट्रॅक असं सगळं होतं. प्रत्यक्षात हद्दीचे दगड आहेत, कमरेएवढं गवत आहे, मधून एक कोरडा ओढा जातो, आणि एक घर आहे — माझं. बाकीच्यांनी प्लॉट घेऊन ठेवलेत, भाव चढला की विकतील. घर बांधून तिथं राहायला येण्याचा शहाणपणा मी एकटीनंच केला. गच्चीवरून किल्ला दिसतो आणि लांब हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येतात. माणसाचा आवाज म्हणाल तर सकाळी रफिकभाई दूध घालायला येतात तेवढाच. पडेगावात त्यांच्या म्हशी आहेत.

मी लग्न केलं नाही. आईवडील गेले. धाकटी बहीण विजू नाशिकला असते, ती रोज संध्याकाळी फोन करते आणि रोज एकच विचारते — "ताई, तू तिथं पडलीस-झडलीस तर कुणाला कळणार गं?"

"पोपटांना," मी म्हणायची.

ती चिडायची, मी हसायची, आणि फोन ठेवला की मी तशीच बसून राहायची. दिवसभरात स्वतःचा आवाज मी त्या फोनवरच काय तो ऐकायची. एकटं राहायची मला हौस होती, कुणी लादलेलं नव्हतं. पण एकटं राहणं वेगळं आणि आपण आहोत की नाही याची कुणी दखलच न घेणं वेगळं... ते मला इथं आल्यावर कळलं. विजूचा प्रश्न मी चेष्टेवारी न्यायची, कारण त्याचं उत्तर मला माहीत होतं. कुणालाच कळलं नसतं.

तर पोपट. मराठवाड्यात आम्ही राघू म्हणतो. अंगणात मी पेरूची थोडी झाडं लावलीत, एक डाळिंब आहे, कडेला वांगी, टोमॅटो, मेथीचे वाफे. थंडी सुरू झाली आणि पेरू पिवळा पडायला लागला की राघूंचा थवा हजर. बरं, एक पेरू धरून पोटभर खातील तर शपथ! एकाला चोच मारली, टाकला. दुसऱ्याला चोच मारली, टाकला. मानाचा जावई पंगतीला बसल्यासारखं — हे नको, ते दाखवा. त्यांचं उष्टं खारींना, खारींचं उष्टं बुलबुलांना, आणि मेथी मोरांची. माझ्या वाट्याला फक्त पाणी घालणं.

सगळे उपाय करून झाले. जुन्या सीडी टांगल्या — राघू त्यात आपलं तोंड बघून खूश. चमकणाऱ्या पट्ट्या बांधल्या, त्या वाऱ्यानं गुंडाळून गेल्या. मग जाळी टाकली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी त्या जाळीत एक बुलबुल अडकून मेलेला दिसला, पाय दोऱ्यात पिळवटलेला. रात्रभर धडपडला असणार आणि मी आत पांघरूण घेऊन झोपले होते. त्याच दिवशी जाळी उतरवली. पेरू गेले तर गेले, पण ते पुन्हा नको.

शेवटी शहागंजच्या बाजारातून भोंगा आणला. कांदे-बटाटेवाले गाडीवर लावतात ना, आपला आवाज भरायचा आणि तो वाजत राहतो, तो. हल्ली शेतकरी डुकरांसाठी वावरात लावतात. त्यात काय भरायचं याचा मी फार विचार केला नाही. माझे वडील — आम्ही त्यांना दादा म्हणायचो — गंगापूरकडच्या खेड्यातले. लहानपणी वाळवणावर चिमण्या बसल्या की ते ओट्यावरून आरोळी ठोकायचे — "हाऽऽ हो... हुर्र्र... हाऽऽ होऽऽ!" शेवटचा ‘हो’ लांबवत वर न्यायचा आणि तिथंच सोडून द्यायचा. तीच आरोळी मी माझ्या घोगऱ्या आवाजात भरली. सारखं कानाशी कोकलणं नको म्हणून आरोळीनंतर थोडी शांतताही रेकॉर्ड केली. भोंगा पेरूला बांधला. सकाळी चालू करायची, दिवेलागणीला काढून चार्जिंगला लावायची.

पहिले काही दिवस राघू बिचकले. मग सरावले. एकदा तर एक राघू भोंग्यावरच बसून पेरू खाताना दिसला. मी हात टेकले, पण भोंगा काही काढला नाही. खरं कारण लिहायला थोडी लाज वाटते... घरात स्वयंपाक करताना बाहेर कुणीतरी ओरडतंय असं वाटायचं, ते बरं वाटायचं. आवाज माझाच होता, तरी.

असंच एका दुपारी मी वाफ्यात वांग्यांना माती लावत होते. भोंग्यानं आरोळी दिली. नेहमीची शांतता आली. आणि त्या शांततेत, ओढ्याच्या पलीकडून, लांबून, कुणीतरी ओ दिली.

"होऽऽ... होऽऽ!"

मी खुरपं हातात धरून तशीच बसले. भोंगा पुन्हा ओरडला. पुन्हा उत्तर आलं. म्हटलं, प्रतिध्वनी. लगेच मनात पाल चुकचुकली, कारण प्रतिध्वनीचा प्रयोग मी पोरांना वर्षानुवर्षं करून दाखवलाय. प्रतिध्वनी तुमचेच शब्द परत देतो. ह्यात ‘हुर्र’ नव्हतं. शिवाय आवाज माझा नव्हता. म्हातारा, कोरडा, खेड्यातला आवाज. बाईचा की पुरुषाचा, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

मग दुसरी शंका — मी शांतता रेकॉर्ड केली तेव्हा लांबून जाणाऱ्या कुणाचा आवाज त्यात आला असेल. भोंगा घरात नेला, दारंखिडक्या लावून पुन्हा पुन्हा ऐकला. शांततेत फक्त एक चिमणी होती आणि माझा खोकला.

त्या संध्याकाळी काठी घेऊन ओढा ओलांडून गेले. पलीकडं नुसते प्लॉट. दगड, गवत, कुणीतरी आणून टाकलेला विटांचा ढीग. आणि एक जुनं बोरीचं झाड — लेआउट व्हायच्या आधी इथं शेतं होती, तेव्हाचं असणार. झाड बोरांनी वाकलं होतं. एकाही बोराला चोच लागलेली नव्हती, झाडावर एक पाखरू नव्हतं. मी एक बोर तोंडात टाकलं. गोड. माझे पेरू कुरतडणाऱ्यांना हे कसं दिसलं नाही, असं मनात आलं, आणि मी घरी आले.

दुसऱ्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. भोंग्यानं हाक घातली आणि पलीकडून ओ आली की राघू खरोखर उडून जायचे. भोंग्याला ते भीत नव्हते, पलीकडच्या त्या ‘ओ’ला भीत होते. त्या हंगामात पहिल्यांदा मला झाडावर पिकलेले, अख्खे, बिनउष्टे पेरू मिळाले.

रफिकभाईंना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, मेरेको तो आपकाच भोंगा सुनाई देता. उधर कौन रहता जी? कोई नै." मग गावाकडं आत्याला फोन लावला. वडिलांची ही सगळ्यात धाकटी बहीण, वय झालंय, कान आणि जीभ मात्र शाबूत. मी पहिल्यांदा सगळं सांगितलंच नाही. नुसतं म्हटलं, आत्या, दादा ती आरोळी द्यायचे ना, तिचा अर्थ काय गं?

तिनं मला फोनवर म्हणून दाखवायला सांगितलं. मी म्हणून दाखवली. ती हसायला लागली.

"अगं येडे, ती पाखरांची न्हाय! पाखरांना नुसतं हुर्र म्हनत्यात. ही हाळी हाय, मानसाची. ज्वारी हुरड्याला आली की आमी सगळी राखाया जायचो. दिसभर वावरातल्या माळ्यावर एकटं. मंग आपन हाळी द्याची — म्या हाय हितं, तू हाईस का? शेजारच्या वावरातल्यानं परत द्याची — व्हय, म्या बी हाय. हाळीला हाळी."

"आणि परत नाही दिली तर?"

"तर काय? समजायचं, गडी पडला, न्हायतर इचूकाटा डसला. मंग आपलं राखन सोडून त्याच्याकडं जायाचं बघाया. पाखरांनी आपलं कनीस खाल्लं तर खाऊ दे. हाळी न्हाय आली तर जायाचंच. लई कडक असायचं ते."

मी फोन ठेवला आणि बाहेर येऊन ओट्यावर बसले. म्हणजे राघूंना हाकलतेय असं समजून मी दिवसभर त्या माळरानावर ओरडत होते की, मी आहे इथं, तू आहेस का? शहरात वाढलेल्या माणसाकडूनच होईल अशी चूक. आणि कुणीतरी दिवसभर, न कंटाळता, मला सांगत होतं — आहे.

घाबरायला हवं होतं, हे मलाही कळतं. थोडी घाबरलेही. पण खरं ते लिहिते : मला रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी भोंगा लावला नाही. सकाळी चहाचा कप घेऊन कुंपणापाशी गेले आणि स्वतःच्या गळ्यानं हाळी दिली. नीट जमली नाही, मध्येच आवाज चिरकला. थोडा वेळ काहीच नाही. मग ओढ्यापलीकडून — "होऽऽ... होऽऽ!" आणि शपथेवर सांगते, ह्या वेळी त्यात थोडं हसू होतं. नवशिक्याच्या आरोळीला जुना माणूस हसतो तसं.

तेव्हापासून तो आमचा परिपाठ झाला. सकाळी एकदा, दुपारी जेवण झाल्यावर एकदा, दिवे लावायच्या आधी एकदा. कधी मी आधी, कधी पलीकडून आधी. बाजाराला वगैरे जायचं असलं की मात्र भोंगा लावून जायची. तेव्हा ओ यायची की नाही, ते मी कसं सांगणार? पण परत आले की पेरू जागच्या जागी असायचे. विजूला एक अक्षर बोलले नाही. तिनं दुसऱ्या दिवशी गाडी करून मला नाशिकला नेलं असतं आणि वाटेत एखाद्या डॉक्टरला दाखवलं असतं. एवढंच झालं की तिचा फोन ठेवल्यावर माझं पहिल्यासारखं बसून राहणं बंद झालं. भुतं रात्री येतात म्हणतात. आमचं जे काय होतं ते उन्हातान्हात ड्युटी करायचं आणि अंधार पडला की गप्प. मला त्याचं काहीच वावगं वाटेनासं झालं होतं.

आता मुख्य प्रसंग.

विजूकडं पेरू पाठवायचे होते. वरच्या फांदीला चांगले मोठे होते, म्हणून लाकडी घोडा लावून चढले. दुपार कलली होती. आदल्या दिवशी बाजाराला गेले होते त्यामुळं भोंग्याची बॅटरी उतरलेली, तो स्वयंपाकघरात चार्जिंगला. मोबाइलही त्याच्याच शेजारी. फांदी धरली, ती हातात आली, आणि मी घोड्यासकट खाली.

खुब्यात जे झालं ते वर्णन करून सांगत नाही. बरगडीला घोड्याचा दांडा लागला. मी पालथी पडले होते, तोंडात माती, आणि श्वास घेतला की सुरी फिरल्यासारखं. हलून बघितलं. डोळ्यांपुढं अंधारी आली. रफिकभाई दुसऱ्या दिवशी सकाळी येणार. तोवर थंडीची रात्र. विजूचा फोन संध्याकाळी वाजेल, मी उचलला नाही तर ती वैतागेल, ‘गेली असेल गच्चीवर’ म्हणून झोपेल... हे सगळं मी अगदी लख्ख डोक्यानं बघत होते. इतकी वर्षं ज्याची चेष्टा केली ते समोर येऊन बसलं होतं.

आणि पलीकडून हाळी आली. दुपारची. नेहमीची.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. नुसती फुसफुस झाली, माती उडाली.

पुन्हा हाळी आली. मी पुन्हा प्रयत्न केला. बरगडीत अशी कळ आली की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग बराच वेळ शांतता. मग तिसरी हाळी आली — आणि ती बोरीकडून नव्हती. ती ओढ्यातून आली.

आत्याचं बोलणं मला त्याच क्षणी आठवलं.

त्यानंतरची हाळी लाइटच्या डीपीपाशी. डीपी ओढ्याच्या अलीकडं आहे. मग मुरमाच्या रस्त्यावर. दर वेळी जवळ, दर वेळी थोडी घाईची. माझा कान जमिनीला टेकलेला होता, चालल्याचा आवाज अजिबात नव्हता. तिथलं गवत वाळलेलं, कोंबडी गेली तरी खसखस होते. काहीच नाही. नुसती हाळी, जागा बदलत येणारी. मला पाय मोडल्याचं भान राहिलं नाही इतकी मी घाबरले. लांबून सोबत होती ते ठीक होतं... पण आता ते येत होतं, आणि मला मान वळवूनही बघता येत नव्हतं.

शेवटची हाळी गेटपाशी आली. कडी वाजली नाही. मग सगळं थांबलं.

मी वाट बघितली. काही नाही. वारा नाही, पाखरू नाही. मला वाटलं, गेलं. मी ओ दिली नाही म्हणून आलं, आणि मी बोलत नाही म्हणून परत गेलं. त्या क्षणाइतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही, आई गेली तेव्हासुद्धा नाही. थोड्या वेळापूर्वी जे येऊ नये म्हणून मी देवाचा धावा करत होते, ते गेलं म्हणून मातीत तोंड खुपसून रडत होते.

मग खरंच कडी वाजली. धावत येणारी पावलं, चपलांचा फटफट आवाज, आणि रफिकभाई. "या अल्ला! मॅडम! हिलो नक्को, हिलो नक्को!" त्यांनी तोंडातली माती काढली, पाणी आणायला आत पळाले. बाहेर आले ते पाण्याचा तांब्या आणि मोबाइल घेऊन, आणि येतानाच इकडंतिकडं बघत होते. झाडामागं बघितलं, घरामागं जाऊन आले.

"वो किधर गए?" त्यांनी मला विचारलं.

मी नजरेनंच ‘कोण?’ विचारलं.

"जो आवाज देरे थे, वो."

हॉस्पिटलात विजूच्या समोर त्यांनी सगळं सांगितलं. ते कडबा घेऊन मागच्या रस्त्यानं गाडीवर घरी चालले होते. माझ्या आवारातून कुणीतरी आरोळ्या मारतंय असं त्यांना ऐकू आलं. "रुकताच नै था, ताई. मैं समझा साप निकला नै तो चोर घुसा. गाडी फेकी और भागा. गेट का कडी खोला तब तक चालू था, एकदम पेरू के झाड के पास से. मैं आत पाव रखा, बंद. देखा तो मॅडम अकेले, मुंह में मिट्टी."

"किती वेळ चालू होतं?" मी विचारलं. माझा आवाज कुजबुजीपलीकडं जात नव्हता.

"चाय थंडी हो जाए, इत्ता तो होगा."

म्हणजे ज्या वेळात मी तिथं पडून निव्वळ शांतता ऐकत होते, त्या सगळ्या वेळात माझ्या डोक्यापाशी उभं राहून कुणीतरी ओरडत होतं. रफिकभाईंना ऐकू जात होतं. मला नाही. आधी मला ऐकू यायचं आणि त्यांना नाही, त्या दिवशी उलटं झालं. भोंगा म्हणाल तर पाणी घ्यायला गेले तेव्हा त्यांनी स्वतः बघितला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर होता, चार्जरचा लाल दिवा लागलेला.

विजू म्हणाली, "ताई, तूच ओरडत असशील. तुझी शुद्ध हरपली असेल." हे मलाही सगळ्यात सोयीचं वाटतं आणि मी त्यावर पुष्कळ विचार केलाय. पण डॉक्टरांनी बरगड्यांचा फोटो दाखवून सांगितलं की या अवस्थेत मोठ्यानं खोकणंसुद्धा शक्य नव्हतं. रफिकभाई माझा आवाज रोज सकाळी ऐकतात, तो ओळखला नसता का? मी त्यांना विचारलं, आवाज बाईचा होता की माणसाचा? ते म्हणाले, "वोच तो, मॅडम. याद करने जाता, तो जमता नै."

पुढं ऑपरेशन, नाशिक, वॉकर, मग काठी. विजूनं मनापासून केलं, तिच्याबद्दल एक शब्द वावगा काढायचा नाही. पण पुढची थंडी सुरू झाली तशी मी हट्ट धरून परत आले. ती अजूनही नाराज आहे. दिवसातून दोनदा फोन करते.

आल्या आल्या कुंपणापाशी उभं राहून हाळी दिली. गळा आता साफ झालाय. ओ आली नाही. दुपारी दिली, संध्याकाळी दिली, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी... भोंगा लावून बघितला. काही नाही. राघू परत आलेत आणि बिनधास्त पेरू कुरतडतात. हळूहळू चालत ओढ्यापलीकडं गेले. बोरीवर पाखरांची जत्रा भरली होती. खाली बियांचा आणि अर्धवट खाल्लेल्या बोरांचा सडा. झाडाला एक धड बोर नव्हतं.

मी आत्याला फोन केला, आणि ह्या वेळी काही न लपवता सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल अंगारा लाव, नारळ फोड. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"व्हय," ती म्हणाली. "आपलं राखन सोडून आलं ते तुझ्यासाठी. न्हाय तर कोन येतंय?" मग म्हणाली, "आन् आता तुझ्या हाळीला हाळी येत न्हाय म्हन्तीस. मंग तू गेलीस का बघाया?"

"कुठं जाऊ, आत्या? तिथं काहीच नाही गं."

"ते म्या काय सांगू? पर हाळी न्हाय आली तर जायाचंच असतंय, बाई."

ह्या सगळ्याचं माझ्याकडं स्पष्टीकरण नाही. कनेक्शन तपासलं, बॅटरी तपासली, स्वतःचं डोकंही एका चांगल्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं. ते कोण होतं, कधीपासून तिथं राखण करत होतं, त्याच्या हाळीला माझ्याआधी किती वर्षं कुणी ओ दिली नव्हती — काहीच माहीत नाही. त्याचं काय झालं, तेही माहीत नाही.

पेरू मी आता राघूंना सोडून दिलेत. उन्हं उतरली की काठी घेते, गेट ओढून घेते आणि ओढ्यापलीकडं जाते. एका प्लॉटात उभी राहून हाळी देते. थांबते. ओ आली नाही की पुढच्या प्लॉटात जाते.